खड्ड्यातलं पाणी आणि खोक्यातले दिवे

प्रश्न: एका वाचकाने स्वतःचं पहिलंच घर घेतलं आहे. मागच्या दाराबाहेर १६ बाय १२ फुटांचा पॅटिओ, म्हणजे उघड्यावर बसायची फरसबंद जागा, स्वतःच्या हाताने बांधायचा, त्यावर पेव्हर ब्लॉक बसवायचे आणि संध्याकाळी बसता येईल अशी रोषणाई करायची, असा त्यांचा बेत आहे. खोदाई निम्म्याहून जास्त झाली आणि पाऊस आला. खड्ड्यात दोन दिवस पाणी साचून राहिलं. सासरे म्हणतात, ब्लॉकचा नाद सोडा, सरळ काँक्रीट ओता. पत्नी म्हणते, ठेकेदाराला देऊन मोकळे व्हा. दिवे मात्र आधीच घरात येऊन पडले आहेत : आठ एलईडी स्पॉटलाइट आणि डझनभर सोलर दिवे. महिन्याभराने पाहुणे यायचे आहेत. "माणूस लावला तर हरल्यासारखं वाटेल आणि नाही लावला तर काम बिघडेल. ब्लॉक की काँक्रीट, एवढं तरी सांगा. दिव्यांचं नंतर बघता येईल," असं ते लिहितात.

नमस्कार,

ब्लॉक की काँक्रीट, हे सांगेनच. पण तुमच्या कामातला तो सगळ्यात सोपा प्रश्न आहे. तो सुटला की पुढचं आपोआप सुटेल, असं तुम्ही धरून चालला आहात, तिथे मी तुम्हाला जरा अडवणार आहे.

तुमच्या पत्रातली सर्वात उपयोगाची ओळ तुम्ही रडगाणं म्हणून लिहिली आहे : खड्ड्यात दोन दिवस पाणी राहिलं. हेच पाणी ब्लॉक बसवून झाल्यावर त्यांच्याखाली साचलं असतं, तर तुम्हाला कळलंच नसतं. कळलं असतं ते वर्षभराने, कोपरे खचायला लागल्यावर. आता उघड्या जमिनीवर ते दिसलं, हे बरंच झालं. दोन दिवस पाणी जिरत नाही याचा अर्थ खालची माती चिकण आहे, किंवा खोदलेला भाग आजूबाजूपेक्षा खोलगट असून पाण्याला बाहेर पडायला वाटच नाही. बहुधा दोन्ही. उद्या सकाळी जाऊन खड्ड्याच्या कडेवर पाण्याची रेघ कुठे उमटली आहे ते बघा. घराच्या बाजूला गाळ जास्त जाड बसला असेल, तर खोदताना ढाळ उलटा गेला आहे. म्हणजे तुम्ही अख्ख्या परसातलं पाणी घराच्या पायाशी आणून सोडताय.

ढाळ असायला हवा घरापासून बाहेरच्या दिशेला, साधारण ६० फुटांना १ फूट. तुमची १२ फुटांची बाजू घरापासून दूर जाणारी आहे, असं मी धरते. १२ फूट म्हणजे १४४ इंच, भागिले ६०, म्हणजे जवळपास अडीच इंच. घराकडची कड आणि कुंपणाकडची कड यांच्यात एवढाच फरक हवा. बसल्यावर तो जाणवत नाही, टेबलावरचा पेला कलत नाही, पण पाणी निघून जातं. डोळ्याने हा ढाळ दिसत नाही, त्यामुळे "मला सरळ वाटतंय" या मापावर विसंबू नका. खुंट्या ठोका, दोरी ताणा आणि पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी काढा. नळीत एकही बुडबुडा राहता कामा नये, कारण त्या एका बुडबुड्यापायी माप चुकतं.

बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट पुढे आहे. ढाळ वरच्या ब्लॉकला देतात आणि खड्ड्याचा तळ मात्र सपाट, नाहीतर खोलगट ठेवतात. ब्लॉकच्या सांध्यांतून थोडं पाणी खाली जाणारच. ते चिकण मातीच्या तळावर पोचलं की तिथेच बसतं. म्हणून तळालाही तोच ढाळ द्या, आणि उताराच्या टोकाला पाणी बाहेर निघेल अशी वाट करा : खडी भरलेला चर, त्यात भोकं पाडलेला पाईप, आणि त्याचं तोंड तुमच्याच जागेतल्या आणखी सखल भागात. शेजाऱ्याच्या भिंतीकडे नाही. त्या पाण्याबरोबर भांडणही वाहत येतं.

दाराचंही बघून घ्या. पॅटिओचा वरचा थर जोत्यातल्या ओल अडवणाऱ्या थराच्या, म्हणजे डीपीसीच्या, निदान ६ इंच खाली राहिला पाहिजे. दारातून थेट एका पातळीत बाहेर यावं असा मोह सगळ्यांनाच होतो. त्यापायी पॅटिओ उंच घेतला की भिंत ओल धरते. एक पायरी राहू द्या.

आता माती. चिखल झालेला मऊ थर काढून टाका आणि तळ सुकू द्या. भिजलेली चिकण माती चोपून घट्ट होत नाही. इकडे दाबली की तिकडे फुगते, जुन्या गादीसारखी. पायाखाली हलेनाशी झाली की मगच पुढे जा. आहे त्या मातीवर जिओटेक्स्टाईल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड अंथरा. कापड कशाला, असं वाटेल, पण चिकण मातीत त्याचा खरोखर उपयोग होतो. ते नसलं तर खडी हळूहळू मातीत रुतते, माती खडीत वर चढते आणि थर पातळ होत जातो.

कापडावर लहान-मोठे तुकडे आणि भुकटी मिसळलेली, दाबून घट्ट बसणारी खडी ६ इंच. ती एकदम ओतून वरून एकदा मशीन फिरवली तर खालची अर्धी सैलच राहते. तीन-तीन इंचांचे थर घाला, थोडं पाणी मारा आणि प्रत्येक थरावर प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे थर दाबणारं मशीन, फिरवा. मशीन भाड्याने मिळतं. कोपऱ्यांत आणि भिंतीलगत ते जात नाही, तिथे हाताने धुम्मस मारावी लागते. खड्डा ब्लॉकच्या क्षेत्रापेक्षा चारही बाजूंनी निदान ६ इंच मोठा ठेवा (घराची भिंत सोडून), नाहीतर कडेच्या ब्लॉकखाली आधार राहत नाही आणि सगळ्यात आधी तेच सुटतात. खडीवर १ इंच जाड, भरड वाळू. या वाळूने खड्डे-उंचवटे बुजवायचे नाहीत. खडी वरखाली असेल तर खडीच दुरुस्त करायची. वाळूने सांभाळून घेतलेली जागा पहिल्याच मोसमात खचते. वाळूवर ब्लॉक, कडेला न हलणारी किनार, सांध्यांत कोरडी बारीक वाळू, मशीनची एक फेरी, आणि पुन्हा वाळू.

एका बाबतीत तुमचं नशीब चांगलं आहे. १२ आणि १६ च्या चौकोनाचा कर्ण बरोबर २० फूट येतो. दोन्ही कर्ण मोजा. दोन्हीकडे २० आले की चौकोन गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे. एक इंचाचा फरक असेल तर तो आत्ताच काढा, कारण शेवटच्या ओळीत त्याची शिक्षा प्रत्येक ब्लॉक कापून भोगावी लागते.

आता "हरलो" या शब्दाकडे येते. स्वतः करायचं म्हणजे सगळंच स्वतः करायचं, असं तुम्ही मनाशी धरलं आहे, आणि घरातली धुसफूस मला वाटतं तिथूनच सुरू झाली आहे. जरा आकडा मांडू. खडी ६ इंच, वाळू १ इंच आणि ब्लॉक ६० मिलिमीटर म्हणजे साधारण सव्वादोन इंच. एकूण सव्वानऊ इंच. १९२ चौरस फुटांवर ही माती सव्वाचार घनमीटरच्या आसपास जाते, वजनाने सुमारे ७ टन. ती बाहेर जायची आणि साडेपाच-सहा टन खडी आत यायची. हे सगळं एका माणसाने घमेल्याने करायचं. व्हिडिओत हा भाग वीस सेकंदांत, संगीताच्या तालावर उरकतो. प्रत्यक्षात इथेच पाठ धरते आणि उत्साह ओसरतो, आणि मग खडी सहा इंचांऐवजी चारवर भागवली जाते. पॅटिओ बिघडतात ते बहुतेक या चारवर भागवण्यामुळे, गवंडीकामाच्या अज्ञानामुळे क्वचितच.

तेव्हा उरलेली खोदाई आणि मातीची ने-आण यांना माणसं लावा. ते ओझं आहे, त्यात कौशल्याचा प्रश्न फारसा येत नाही. पातळी काढणं, दोरी बांधणं, थर तपासणं, ब्लॉक बसवणं हे तुम्ही करा. बोट दाखवून "हे मी केलं" म्हणावं असं काम तेच आहे. पत्नीला विचाराल तर कदाचित तिचा आक्षेप तुमच्या हातांवर नसेलच. परसात कायमचा खड्डा राहील की काय, याची तिला धास्ती असेल. कोणता टप्पा कधी संपणार हे तिच्यासमोर कागदावर लिहून बघा. ठेकेदाराचा विषय पुन्हा निघतो का, ते तुम्हालाच कळेल. आणि निघाला, तर ठेकेदारालाही हेच विचारा : खडी किती इंच, किती थरांत, पाणी कुठे काढणार. ब्लॉकच्या रंगांचा कॅटलॉग आधी पुढे करणाऱ्यापेक्षा, या तीन प्रश्नांची सरळ उत्तरं देणारा बरा.

सासऱ्यांचं म्हणणं मोडीत काढू नका. काँक्रीट टिकतं, झाडायला सोपं पडतं, त्यात तण उगवत नाही. पण ते ओतलं की खालचे प्रश्न सुटतात हा समज चुकीचा आहे. खाली हलणारी चिकण माती असली तर ४ इंचांचा स्लॅबही तडकतो. त्यालाही ढाळ लागतो, घट्ट खडी लागते. तडे कुठे जावेत हे आपणच ठरवायचं असतं, म्हणून ८ ते १० फुटांवर सांधे कापतात, जाडीच्या पाव भागाइतके खोल. तुमच्या मापात आठ बाय सहाचे चार तुकडे पडतील. वरून निदान सात दिवस ते ओलं ठेवावं लागतं. आणि ओतताना हात वेगाने चालले पाहिजेत. नवख्या माणसाला काँक्रीट थांबून विचार करू देत नाही. ब्लॉक देतात. एक चुकीचा बसला तर काढा, खालची वाळू सारखी करा, पुन्हा ठेवा. उद्या पाईप फुटला तर चार ब्लॉक उचलून काम होतं. एवढ्याच कारणासाठी तुमच्या जागी मी ब्लॉक घेईन. सासरे अनुभवी असतील तर त्यांना पातळीच्या नळीचं दुसरं टोक धरायला बोलवा. ते काम एकट्याने होतच नाही.

"दिव्यांचं नंतर बघता येईल." नाही. दिव्यांचा अर्धा भाग ब्लॉकच्या खाली जातो, आणि तो खडी पडायच्या आत गेला पाहिजे. कुठला दिवा कुठे लावायचा हे ठरलेलं नसलं तरी चालेल. आत्ता एवढं करा : तळात आडवे, पॅटिओच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, दोन पीव्हीसी पाईप टाका. एक पुढेमागे कधी पूर्ण व्होल्टेजची वायर न्यावी लागली तर तिच्यासाठी आणि दुसरा कमी व्होल्टेजसाठी. या दोन वायरी एका पाईपातून न्यायच्या नसतात. वळण लागलं तर मोठं आणि सावकाश घ्या, काटकोनी एल्बो नको, त्यात वायर अडकते. दोन्ही पाईपांत नायलॉनची दोरी ओवून ठेवा, टोकं कडेबाहेर फूटभर काढा. मग टेप शेजारी धरून फोटो काढा, भिंतीपासून किती आणि किती खोल, ते आकडे फोटोत वाचता आले पाहिजेत. बाकी परसात चर खणण्याआधी जुन्या पाण्याच्या, गॅसच्या आणि विजेच्या लाइन कुठून गेल्या आहेत याची चौकशी करून घ्या.

पाईप गेले की दिव्यांना सवड आहे. आणि ती सवड तुम्ही घ्यावीच, कारण आठ स्पॉटलाइट १९२ चौरस फुटांना फार होतात. जास्त उजेड म्हणजे जास्त छान आणि जास्त सुरक्षित, हा हिशेब घरात ठीक असेल, बाहेर तो उलटतो. डोळा समोरच्या सगळ्यात झगझगीत गोष्टीशी जुळवून घेतो. डोळ्यांच्या उंचीवर एक प्रखर दिवा असला की त्याच्यामागचं सगळं काळंकुट्ट होतं, कुंपणाशी कोण उभं आहे तेही दिसत नाही. पाहुण्याला खुर्चीत बसवून त्याच्या डोळ्यात दिवा मारण्याइतका उद्धटपणा दुसरा नाही, आणि तो सर्रास होतो.

आधी स्वतःला विचारा, रात्री तिथे काय करणार? पायरी दिसायला हवी. टेबलावरचं दिसायला हवं. आणि नजर टेकायला एखादं झाड किंवा भिंत. एवढीच तीन कामं आहेत. पायरीला १०० ल्युमेनच्या (हे उजेडाचं माप, खोक्यावर असतं) आसपासचा, खाली तोंड केलेला, झाकलेला दिवा पुष्कळ होतो. टेबलाला वरून मंद उजेड. झाडाला एक, फार तर दोन स्पॉट, तेही बसणाऱ्यांच्या मागून किंवा बाजूने. सोलर दिव्यांचा उपयोग आत्ता करा. त्यांचा उजेड तुटपुंजा असतो आणि आतली बॅटरी एक-दोन वर्षांत दमते, पण चाचणीसाठी ते फुकटचे खुंट आहेत. चार रात्री इकडून तिकडे रोवून बघा. एकाने खुर्चीत बसायचं, दुसऱ्याने टॉर्च घेऊन फिरायचं. शेजाऱ्याच्या झोपायच्या खोलीची खिडकी कुठे आहे तेही याच वेळी बघून घ्या.

खोकी उघडली असतील तर त्यांच्यावरचे चार आकडे वाचा. रंग : २७०० केल्विन, म्हणजे उबदार पिवळसर, असेल तर ठेवा. ६५०० असेल तर परत करता आले तर करा, तो पांढरा निळसर उजेड परसाला गोदामाची कळा आणतो, आणि निळसर उजेडाकडे किडेही जास्त येतात. पाण्यापासूनचं संरक्षण : आडोशाला, छपराखाली आयपी ४४ चालतं, उघड्यावर आयपी ६५, आणि जमिनीत पुरायच्या दिव्याला ६७ किंवा त्याहून जास्त. मग व्होल्ट आणि वॅट.

व्होल्टच्या बाबतीत माझं मत ठाम आहे : नवख्याने १२ किंवा २४ व्होल्टच्याच दिव्यांना हात लावावा. घराच्या सप्लायपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंतची जोडणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्या, त्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळू लागली की सप्लाय तोडणारा स्विच) आहे का ते त्याच्याकडून तपासून घ्या. ट्रान्सफॉर्मर बाहेर वापरायसाठीच बनवलेला, सेफ्टी आयसोलेटिंग प्रकारचा, म्हणजे दिव्यांची बाजू घरच्या विजेपासून पूर्ण वेगळी ठेवणारा, घ्या. त्याच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांहून जास्त भार चढवू नका. पुढची जोडणी तुम्ही निवांत करू शकता.

फक्त एक हिशेब चुकवू नका. कमी व्होल्टेजला लांब, बारीक वायर सोसत नाही. समजा ट्रान्सफॉर्मरपासून २० मीटरवर १२ व्होल्टचे मिळून ३६ वॅटचे दिवे आहेत. प्रवाह ३ अँपिअर. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतलीत तर जाऊन-येऊन ४० मीटरमध्ये २ व्होल्टहून जास्त गळतात, टोकाचे दिवे मलूल दिसतात आणि दोष दिव्यांना लागतो. अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीत ही गळती ०.९ व्होल्टवर येते. म्हणून ट्रान्सफॉर्मर जवळ घ्या, नाहीतर वायर जाड घ्या. सांधे मातीत पुरू नका. ते जमिनीच्या वर, बंद डब्यात, जेल भरलेल्या कनेक्टरने करा. रात्रभर दिवे जळत ठेवायचं कारण नाही, टायमर लावा. कुंपणाकडच्या दिव्याला हालचाल टिपणारा सेन्सर लावलात तर सुरक्षेचं काम आठ स्पॉटपेक्षा तो एकटा चांगलं करेल.

राहिले पाहुणे. महिन्याभरात चिकण माती सुकवून, थर चोपून, ब्लॉक बसवून, दिवे लावून सगळं होईलही. पण तारखेसाठी तळ ओला असताना खडी टाकू नका. त्यांच्या येण्यापर्यंत खडीचा थर नीट चोपून झाला असेल तर तेवढं बस आहे. घट्ट बसलेल्या खडीवर खुर्च्या डगमगत नाहीत, पायाला चिखल लागत नाही. सोलर दिवे कडेने खोचा आणि बसा. पाहुणे गेल्यावर थोडं पाणी मारून मशीनची एक फेरी द्या, दोरी लावून ढाळ पुन्हा तपासा आणि वाळूला सुरुवात करा. तोवर पाईपांच्या चारही तोंडांना बूच लावलेलं असू द्या, नाहीतर त्यात खडे जातील, उंदीर शिरतील आणि आत ओवलेली दोरी कुरतडून ठेवतील.